डाएट मोडतं, नेम टिकतो

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं इथे पूर्ण केली आहेत, बाकी सूर तोच ठेवलाय.

आजचा विषय तुमच्याच निरोपांमधून आला. श्रावण लागला की एका ठरावीक प्रकारचे निरोप यायला लागतात. "दोन महिने छान चाललं होतं, गणपतीत सगळं ओमफस्." "सासूबाई ताटात वाढतात, नाही कसं म्हणू?" "लग्नाला गेलं नाही तर वाईट दिसतं, जाऊन जेवलं नाही तर त्याहून वाईट." निरोप ठाण्याहून येतात, कल्याणहून येतात, आणि मी डोंबिवलीत राहत असल्यामुळे खालच्या मजल्यावरूनही येतात. सगळ्यांचा समज एकच असतो, आपला निश्चय कमी पडतो.

मला तसं वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की आपल्या घरांमध्ये 'डाएट' या शब्दाला जागाच नाही. 'नेम' या शब्दाला मात्र शेकडो वर्षांपासून आहे. सण, पाहुणे आणि आग्रह यांच्यामध्ये राहून खाणं आटोक्यात ठेवायचं असेल, तर घराला समजेल अशा भाषेत नाही म्हणायला शिकावं लागतं. ती भाषा आपल्याकडे तयार आहे. तीच आज उलगडून बघू.

कुठला नकार चालतो?

पंगतीत किंवा कुणाच्या घरी जेवताना आपण नाही म्हणतो तेव्हा काय होतं ते आठवा.

"पोट भरलं" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एवढ्याशा पुरणपोळीने काय होतंय?" "डाएट चालू आहे" म्हटलं की आधी हसू, मग "आजचा दिवस ठेव बाजूला, उद्यापासून कर". "आवडत नाही" म्हणायची सोयच नाही, कारण करणारी समोर वाढायला उभी असते.

आता दुसरी बाजू बघा. "आज माझा उपास आहे" म्हटलं की वाढणारा हात जागच्या जागी थांबतो. वर "अगं बाई, लक्षातच नाही आलं, दूध तरी घे" असं आपल्यालाच समजावलं जातं. "डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय" म्हटलं की आवाज थोडा खाली येतो. आणि एखाद्या आजीने "मी काशीला वांगं सोडलंय" म्हटलं की विषयच संपला. काशीयात्रेला गेल्यावर आवडीचं एखादं फळ किंवा भाजी कायमची सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या आजीला पुढची वीस वर्षं कुणी "थोडंसं घे ना भरीत" म्हणत नाही. उलट तिच्यासाठी दुसरी भाजी आठवणीने केली जाते.

खाणं नाकारलं जातंय ते सगळीकडे तेच. मग एक नकार मान्य आणि दुसरा अपमान, असं का? मला यात तीन फरक दिसतात. पहिला, नेम आधी जाहीर केलेला असतो, ताटावर बसून ठरवलेला नसतो. दुसरा, त्याला हद्द असते. सोमवार, एकादशी, चातुर्मास, किंवा काशीसारखा एकच पदार्थ, पण कायमचा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. नेम असलेला माणूस पदार्थ नाकारतो, करणारीला नाकारत नाही. 'डाएट' म्हटलं की करणारीला ऐकू येतं, "तुझं खाणं मला बाधतं." तिने चार तास ओट्याशी उभं राहून केलेलं असतं. राग येणारच.

आग्रह आला कुठून?

आग्रहाला नुसती नावं ठेवून चालणार नाही. तो एका काळात अगदी शहाणपणाचा होता.

डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या कितीतरी घरांमधली आजची सत्तरीची पिढी गिरगाव-दादर-परळच्या चाळींतून किंवा कोकण, देशावरून इथे आली. या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या. १९७२ चा दुष्काळ पाहिला, अमेरिकेतून आलेला मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवरची सुकडी पाहिली. साखर कार्डावर मिळायची आणि ती दिवाळीसाठी साठवावी लागायची. अशा घरात श्रीखंड वर्षातून एकदा, पाडव्याला होत असेल, तर "अजून एक वाटी घे" म्हणणं हे प्रेमच होतं. पुढची वाटी थेट पुढच्या वर्षी मिळणार होती.

आज श्रीखंडाचा डबा बाराही महिने दुकानात मिळतो. पेढे, आंबा बर्फी, मिठाई कोपऱ्यावर. मोदक गणपतीची वाट बघत नाहीत. टंचाईतला आग्रह मात्र तसाच राहिलाय, टंचाई गेली. म्हणून आईचं "पोटभर खा" ऐकून चिडण्यात अर्थ नाही. ती ज्या काळात शिकली त्या काळात तिचं बरोबर होतं. पण त्याच काळात, त्याच घरात, आग्रहाला लगाम घालणारी दुसरी गोष्टही होती. ती म्हणजे नेम. आपण आग्रह जपला आणि नेम सोडला, त्यामुळे तराजू एका बाजूला कलंडला.

"तू तर बारीक आहेस, तुला कशाला?"

हे वाक्य मी स्वतः पुष्कळ ऐकलंय. माझं वजन ५८ किलो. रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आला. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. घरात कुणाचा विश्वास बसेना. बारीक माणसाला कुठे साखर होते?

होते. आणि हे जगाला पटवून देणाऱ्यांत आपल्या पुण्याचं नाव आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं या विषयावर काम करत आले आहेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. भारतीय शरीर बाहेरून बारीक आणि आतून चरबीचं असू शकतं, विशेषतः पोटाभोवती. म्हणूनच आपल्यासाठी मापं कडक आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर, याच्या पुढे नको. पुढच्या वेळी वजनकाट्याआधी शिंप्याची टेप काढा.

देशाचं चित्र बघायचं तर आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. भारतात अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. उंबरठ्यावरची माणसं जास्त आहेत, हे लक्षात घ्या, कारण त्यांना परत फिरता येतं. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने भारतीयांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उंबरठ्यावरच्या लोकांनी तीनेक वर्षं खाणं आणि चालणं सुधारलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे ताटातला बदल औषधाच्या तोडीचा ठरला.

चातुर्मासाची जुनी यादी

आता नेमांकडे येऊ. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे चार महिने, यात लोक काय काय नेम धरायचे याची यादी काढली तर आजच्या आहारतज्ज्ञांचा कागदच वाचतोय असं वाटतं.

एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. नक्त म्हणजे दिवसभर उपास करून संध्याकाळी एकदा जेवायचं. श्रावणी सोमवार आपण असाच सोडतो. त्यासाठी शाळा लवकर सुटायच्या, आठवतंय ना? धारणं-पारणं म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं आलटून पालटून. अयाचित म्हणजे न मागता जे मिळेल तेवढंच खायचं. काहींचा मौनाने जेवायचा नेम असायचा. आणि माझा सगळ्यात आवडता, एकवाढी. पानात जे काही हवं ते एकदाच वाढून घ्यायचं, दुसऱ्यांदा काहीही घ्यायचं नाही.

शेजारच्या गुजराती-जैन घरांत बघितलं तर चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. आणि ऊणोदरी, म्हणजे भूक असेल त्यापेक्षा दोन घास कमी. आपल्या सोसायट्यांमध्ये हे सगळं एकाच जिन्यावर नांदतंय.

हे नेम आरोग्यासाठी निघाले असं मी म्हणत नाही. त्यांच्यामागे श्रद्धा होती, संयम होता, पावसाळ्यात मंद होणारा अग्नी हा वैद्यकाचा विचार होता. शिवाय आजच्या विज्ञानाने सगळं सिद्ध केलं, असंही म्हणणार नाही. वजन उतरायला एकूण खाणं कमी व्हावंच लागतं. वेळेची हद्द घातली की ते बऱ्याच जणांचं आपसूक कमी होतं, एवढंच. पण एक गोष्ट पक्की आहे. ज्या घरात एकवाढी हा शब्द होता, त्या घराला प्रमाणात खाणं ही कल्पना परकी नव्हती.

फक्त एक सावधगिरी. उपास म्हणजे साबुदाणा नव्हे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज येण्याआधी यातलं काहीच इथे नव्हतं. म्हणजे आपली 'पारंपरिक' खिचडी कुठल्याही पुराणातल्या उपासाला असणं शक्यच नाही. ढोबळ हिशोब मांडा. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, थोडा बटाटा, झाले जवळपास ४८० उष्मांक. पोळी, भाजी, आमटी, दही अशा साध्या जेवणाइतकेच, पण प्रथिनं निम्म्याहून कमी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली. उपास करायचाच तर ताक, फळ, राजगिरा, मूठभर दाणे, एवढ्यावर ठेवा.

दीक्षित की दिवेकर?

२०१८ साल आठवतंय? प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद पेटला होता. एका बाजूला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, तो दीक्षितांनी गावोगावी नेला. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, आणि रोज ४५ मिनिटं चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. स्थानिक आणि ऋतूप्रमाणे खा, तुपाला घाबरू नका, थोडं थोडं खा, आजीचं स्वयंपाकघर चुकीचं नव्हतं.

कोण बरोबर, यावर लोक हिरिरीने भांडले. मला त्या वादात वेगळंच काहीतरी दिसलं. डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर, हळदीकुंकवात, लग्नाच्या हॉलमध्ये माणसं एक वाक्य बोलायला लागली, "माझं दीक्षित चालू आहे." आणि समोरचा ऐकायचा! डाएट म्हटल्यावर हसणारे काका दीक्षित म्हटल्यावर "किती उतरलं?" असं विचारायचे. कारण तो नियम एका वाक्यात सांगता येत होता, सगळ्यांना माहीत होता, आणि मोडला तर लगेच कळत होता. ते आधुनिक एकभुक्त झालं होतं. दिवेकरांचं म्हणणं घरच्यांना दुसऱ्या कारणाने पटलं. त्यात आईच्या हातच्या स्वयंपाकाचा मान राहत होता.

यातून घ्यायचं काय? नियम दीक्षितांसारखा एका वाक्याचा हवा, आणि सूर दिवेकरांसारखा, स्वयंपाक करणारीला सामावून घेणारा हवा. पद्धत कुठली, ते तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

सण किती, डबे किती?

आता थोडा हिशोब. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. १९७३ पासून ते आपल्या घरांत आहे आणि आपल्या खाण्याचं वेळापत्रक त्यातच आहे. खरंखुरं गोडाधोडाचं पान होतं असे दिवस मोजा. संक्रांत, होळी, पाडवा, अक्षय्य तृतीया, नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गणेश चतुर्थी, गौरीचे दोन दिवस, दसरा, कोजागरी, दिवाळीचे चार. घरातले चार वाढदिवस आणि वर्षातली दोन-तीन लग्नं धरली तरी आकडा २० ते २५ च्या घरात राहतो. मांसाहारी घरांत यात आखाडातली दीप अमावस्या येईल. आपल्या भागातल्या आगरी गावांत हळदीची जेवणं येतील. तरी ३० च्या पुढे फारसं जाणार नाही.

म्हणजे ३६५ पैकी साडेतीनशेच्या आसपास दिवस सणाचे नाहीत. सण आपल्याला बुडवत नाही. बुडवतात ते सणाच्या पुढचेमागचे दिवस. दिवाळीचा फराळ नरक चतुर्दशीला खाल्ला जातो तेवढाच असता तर प्रश्न नव्हता. तो तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात असतो आणि चहाबरोबर रोज निघतो. एक मध्यम बेसनाचा लाडू म्हणजे साधारण २०० उष्मांक. ७० किलोच्या माणसाने तो चालून जिरवायचा म्हटला तर तलावपाळीवर पाऊण तासाच्या वर चालावं लागेल. गणपतीत एका संध्याकाळी पाच घरी दर्शनाला गेलात, प्रत्येक ठिकाणी पेढा आणि सरबत घेतलंत, की रात्रीच्या जेवणाइतकं होतं. आणि वर रात्रीचं जेवण असतंच.

शिवाय आपल्या भागाचा खास शत्रू म्हणजे लोकल. सकाळी सातला घर सोडायचं, रात्री साडेआठ-नऊला उतरायचं. पोटात दुपारी एकचा डबा. त्या भुकेला स्टेशनबाहेरचा वडापाव दिसला की कुठलं डाएट आठवणार? हा वडापाव कुठल्याही परंपरेने खायला लावलेला नाही. कालनिर्णयात त्याची तिथी नाही. पण वर्षभरात तो मोदकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा पोटात जातो. यावर माझा उपाय साधा आहे. ऑफिसातून निघताना, पाच-साडेपाचला, पर्समधले मूठभर फुटाणे आणि एक फळ. भूक मारायची नाही, तिला स्टेशनपर्यंत पोचू द्यायचं नाही. तुमचं दोनदाच जेवण चालू असेल तर मात्र जेवणाच्या वेळाच लोकलच्या वेळापत्रकावर बसवा.

थोडक्यात, नेम साडेतीनशे दिवसांसाठी कडक ठेवा आणि २५ दिवसांसाठी सैल. बहुतेक जण याच्या उलट करतात. सणाला ताटावर भांडतात आणि मंगळवारी रात्री वडापाव खातात.

ओट्यापाशी कोण उभं आहे?

ही बाजू बोलायची राहून जाते. "ह्यांचं डाएट चालू आहे" याचा अर्थ कितीतरी घरांत "हिचं काम वाढलंय" असा असतो. सगळ्यांच्या पोळ्या, ह्यांची ज्वारीची भाकरी, मुलांचं वेगळं, सासऱ्यांचं मऊ. वन बीएचकेच्या ओट्यावर चार स्वयंपाक. तीन आठवड्यांत ते डाएट बंद पडतं, कारण करणारी थकते.

म्हणून पहिला नियम असा धरा. माझ्या नेमाने घरात दुसरी चूल पेटणार नाही. सगळ्यांसाठी जे शिजेल तेच मी खाईन, फक्त माझ्या ताटात प्रमाण वेगळं असेल. आपल्या पानाची रचना याला फार सोयीची आहे. डावीकडे कोशिंबीर, चटणी, लिंबू. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात-पोळी. पदार्थ तेच ठेवायचे. चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर करायची, उसळ दोन वाट्या, आणि भाताची मूद लहान.

आणि डाएट करणारी तीच असेल तर? तिचं सगळ्यात मोठं खाणं ताटात नसतंच. ते असतं चव बघण्यात, मुलांच्या ताटात उरलेल्यात, आणि "वाया जाऊ नये" म्हणून संपवलेल्या शेवटच्या दोन चमच्यांत. तिच्यासाठी नेम एकच. सगळ्यांबरोबर बसायचं, एकवाढी घ्यायची, आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं. आपलं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नाही, हे वाक्य घरात एकदा मोठ्याने म्हणा.

सणाच्या दिवशी नेमकं काय करायचं?

आधी सांगा. गौरीच्या आदल्या दिवशी आईंना फोन करून, "आई, यंदा चातुर्मासात मी एकवाढी धरलीये. पुरणपोळी एक घेणार, पण तुमच्या हातची, तुपासकट." यात नकार आहे का? आहे. पण त्यांना ऐकू काय येतं? सुनेने नेम धरलाय, आणि माझी पोळी ती आवडीने मागतेय.

एकदाच वाढून घ्या. सगळं घ्या, नैवेद्याचा मान ठेवा, मोदक घ्या. आवडतं ते घ्या आणि केवळ समोर आलं म्हणून आलेलं सोडा. बाजारचा पेढा वर्षभर मिळतो, घरचा उकडीचा मोदक नाही.

क्रम बदला. आपण वरणभातापासून सुरुवात करतो. त्याऐवजी आधी कोशिंबीर, भाजी, उसळ आणि मग भात-पोळी. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये मधुमेहींवर झालेल्या एका लहान अभ्यासात जेवण तेच ठेवून फक्त क्रम बदलला, तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. पंगतीत बसून हे कुणाला कळतही नाही.

सावकाश जेवा. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ताट रिकामं दिसलं की आग्रह येतो, हेही लक्षात ठेवा. शेवटचा ताकभात सगळ्यांबरोबर संपवा.

मग शतपावली. दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. "चला, पान खाऊन येऊ" म्हणून सगळ्यांनाच बाहेर काढा.

आणि डबा घरी नेताना एकाच दिवसाचा न्या. बाकीचा दुसऱ्या दिवशी ऑफिसात, वॉचमनकाकांना, शेजारी. गोड वाटलं की संपतं, हीसुद्धा आपलीच रीत आहे.

एक गंभीर सूचना. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी जेवण गाळण्याचा कुठलाही नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. साखर एकदम उतरणं हे चढण्याइतकंच, कधी कधी त्याहून धोक्याचं असतं. आणि खाण्याचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल, खाल्ल्यावर स्वतःचा राग येत असेल, तर नेम वाढवू नका, मदत घ्या.

नवी रीत पाडता येते का?

"आमच्या घरात हे चालणार नाही, पूर्वापार चालत आलंय" असं कुणी म्हटलं की मी त्यांना आपल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेची आठवण देते. ढोल, लेझीम, नऊवारी, फेटे. आज वाटतं, ही यात्रा पेशवाईपासून निघत असेल. ती डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली. पुढे ठाणे, गिरगाव करत राज्यभर गेली. ज्यांनी ती सुरू केली त्यांतले कितीतरी जण आजही रस्त्यावर भेटतात. म्हणजे परंपरा सुरू करता येते, आणि एका पिढीत ती जुनी वाटायला लागते.

मग आपल्या बिल्डिंगच्या गणपतीत आरतीनंतर पेढ्याबरोबर काकडी-गाजराची खिरापत का नको? हळदीकुंकवाला वाण म्हणून साखरेच्या डब्याऐवजी मुगाचं पाकीट का नको? दर्शनाला येणाऱ्याला "काय घेणार?" विचारून "फक्त पाणी" हे उत्तर पहिल्याच वेळी मान्य करायची रीत का नको? ही शेवटची जमली तर बाकीच्यांची फारशी गरज उरणार नाही.

तर या आठवड्याचं काम. एक नेम निवडा, एका वाक्यात बसेल असा. त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या, कालनिर्णयावर पेनाने लिहा. घरात जी स्वयंपाक करते तिला सगळ्यात आधी सांगा. आणि पहिल्या सणाला काय झालं, कुणी काय म्हटलं, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातले निवडक निरोप वाचून दाखवीन, नावं न घेता, म्हणजे कुणाच्या सासूबाई रागावणार नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर सावकाश जेवा.